भोईवाड्याचा इतिहास आणि एक भाडेपावती



स्मृतिव्याख्यानाला उभे राहणाऱ्याने मोठा विषय घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. राष्ट्र, संस्कृती, लोकशाही, भाषा. आजचा विषय त्या मानाने फार लहान आहे, आणि तो मी विचार करून निवडला आहे. विषय आहे भोईवाडा. एका अंगाला नायगाव, दुसऱ्या अंगाला परळ गाव आणि इस्पितळांची रांग, मधोमध जेरबाई वाडिया रोड आणि गं. द. आंबेकर मार्ग. मुंबईच्या नकाशावर हा भाग बोटाच्या पेराखाली झाकून जाईल. वर्तमानपत्रात भोईवाड्याचे नाव येते तेही बहुधा एकाच वाक्यात: आरोपीला भोईवाडा न्यायालयात हजर करण्यात आले. एवढ्याशा वस्तीला इतिहास असतो का? असला तर तो शहराच्या इतिहासाहून वेगळा असतो का? आणि वेगळा असला तर तो कोणी लिहायचा? मला असे म्हणायचे आहे की भोईवाड्यासारख्या वस्तीला स्वतःचा इतिहास असतो, शहराच्या इतिहासात तो मावत नाही, त्याचे पुरावे या वस्तीतल्या घरांत पडून आहेत, आणि ते पुरावे येत्या काही वर्षांत घराबाहेर फेकले जाणार आहेत. बाकी सगळे या एका म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ.

आधी शहराच्या इतिहासाचे ऋण मान्य करू. मुंबईचा इतिहास मराठीत लिहिण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे. आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ सालचा. या आणि पुढच्या ग्रंथांतून परळ आपल्याला पुष्कळ भेटते. सात बेटांपैकी एक बेट परळचे. जेझुइट पाद्र्यांची इथली वास्तू इंग्रजांनी ताब्यात घेतली आणि पुढे तिथे गव्हर्नरांचा बंगला झाला. विल्यम हॉर्नबी १७७१ च्या सुमारास तिथे राहायला आला. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा त्या बंगल्यात कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि गव्हर्नरांनी मलबार पॉइंट जवळ केले. १८९६ ला प्लेग आला. १८९९ साली त्याच रिकाम्या बंगल्यात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९२६ ला के.ई.एम. इस्पितळ आले, १९४१ ला टाटा. पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या (बी.आय.टी.) चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. दामोदर हॉलमध्ये १९२४ च्या मार्चमध्ये सभा भरली आणि त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. राष्ट्रीय मिल मजदूर संघाची ‘मजदूर मंझिल’ तर भोईवाड्यातच उभी आहे. किती मोठी माणसे, किती मोठ्या घटना! पण जरा थांबून विचारू या. हे सगळे परळमध्ये घडले. ते परळचे झाले का? या हकिकतींत परळ म्हणजे एक जागा आहे. घटना येते, त्या जागेवर उभी राहते आणि निघून जाते. त्या जागेवर रोज चूल पेटवणारी वस्ती त्या हकिकतींत कुठे दिसते?

एक उदाहरण जरा जवळून पाहू. १९३१ साली परळ आणि शिवडी यांच्यामध्ये रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. उंची सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहावीत एवढी. पांढरट दगडाच्या त्या एकाच शिळेवर सात आकृती आहेत. मध्ये उभा शिव. त्याच्या मागून, खांद्यांच्या वर, दुसरी आकृती उगवते. तिच्याही वर तिसरी. आणि या मधल्या खांबातून दोन्ही बाजूंना फांद्या फुटाव्यात तशा दोन-दोन आकृती झेपावतात. खाली गण बसले आहेत, त्यांच्या हातांत वाद्ये आहेत. काही भाग अपुरा राहिलेला दिसतो. अभ्यासक ही शिळा सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या काळातली. भारतीय शिल्पकलेवरच्या ग्रंथांत तिला मानाचे पान आहे. संग्रहालयात, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, तिची साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे. मूळ शिळा मात्र परळ गावातल्या बारादेवीच्या मंदिरात आहे. १९८५ पासून ती संरक्षित स्मारक आहे, आणि तिची पूजा चालते.

कलेचा इतिहास इथे दोन प्रश्न विचारतो: ही मूर्ती कोणत्या शतकातली, आणि तिचा अर्थ काय. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण वस्तीचा इतिहास वेगळे प्रश्न विचारतो, आणि माझ्या मते ते तितकेच मोलाचे आहेत. १९३१ साली तो रस्ता कशासाठी खणला जात होता? खणणारे मजूर कोण होते, कोणत्या गावचे? पहार दगडाला लागली आणि माती बाजूला होताच एक चेहरा दिसला, तेव्हा काम कोणी थांबवले? एवढे अवजड धूड मंदिरापर्यंत कसे नेले, किती माणसे लागली, खर्च कोणी उचलला? शहरात एवढे मोठे संग्रहालय असताना मूळ शिळा वस्तीत राहिली आणि प्रतिकृती संग्रहालयात गेली, हे घडवून आणणारी माणसे कोण होती? हे साधे काम नाही. त्यामागे कोणाचा तरी आग्रह असतो, बैठका असतात, अर्ज असतात, वर्गणी असते. सहाव्या शतकातल्या शिल्पकाराचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. १९३१ सालच्या माणसांची नावे कळू शकत होती. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुले अगदी गेल्या पंचवीस-तीस वर्षांपर्यंत या वस्तीत होती. त्यांना विचारण्याचे काम इतिहासकाराचे नाही असे आपण धरून चाललो. म्हणून दीड हजार वर्षांपूर्वीचे आपण थोडेफार सांगू शकतो, आणि शंभर वर्षांपूर्वीचे सांगताना अडतो.

आता ज्यांच्यामुळे या वस्तीला नाव मिळाले त्या भोयांकडे वळू. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या बऱ्याच भागात पालखी आणि मेणा ही या शहरातल्या प्रतिष्ठितांची वाहने होती. भुलेश्वरलाही एक भोईवाडा आहे. एका शहरात दोन भोईवाडे असावेत, एवढी खांद्यांची गरज होती. परळच्या बंगल्यात राहिलेल्या गव्हर्नरांची नावे सनावळीसह मिळतात. खांदा देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव शहराच्या प्रचलित इतिहासांत सापडत नाही. पुढे बग्ग्या आल्या, १८५३ ला रेल्वे आली, मग ट्राम आली, आणि खांद्याचे काम संपले. काम संपले तरी वस्ती संपली नाही. मला या वस्तीच्या इतिहासाचे मुख्य सूत्र इथे दिसते. शहराला एखाद्या कामासाठी माणसे हवी होती, ती इथे वसली. ते काम गेले, तरी माणसे राहिली आणि त्यांच्या शेजारी नव्या कामाची नवी माणसे आली. पालखीच्या मागून रेल्वेचे कारखाने, त्यांच्या मागून गिरण्या, इस्पितळे, प्रयोगशाळा, नगरपालिका. प्रत्येक वेळी परक्यांचे शेजारी झाले. ते कसे झाले? कोणत्या व्यवस्थेने, कोणत्या नियमाने, कोणत्या भांडणातून आणि कोणत्या तडजोडीतून? शहराच्या इतिहासाने हा प्रश्न कधी हाती घेतलेला नाही, कारण शहराला माणसे आली एवढे कळले की पुरते.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतच जन्मलेल्या लोकांचे प्रमाण शेकडा सोळा होते. म्हणजे शंभरातले चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेले. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा, मग सातारा, पुणे, कोल्हापूर हा घाटावरचा मुलूख. ही माणसे एकेकटी आली नाहीत. ती गाव घेऊन आली. तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी गावकऱ्यांची बैठकीची खोली पाहिली असेल. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली एक खोली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस-पंचवीस जण. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरणार. भिंतीला खुंट्या, खाली ट्रंकांची चळत. जेवण खाणावळीत, पैसे पगाराच्या दिवशी. महिन्याची वर्गणी ठरलेली, हिशोबाची वही एकाकडे, आणि बैठकीत ठरलेले नियम सर्वांना लागू. आजारी पडलेल्याला गावी पोचवणे, मेलेल्याचे क्रियाकर्म, नव्याने आलेल्या पोराला खात्यात चिकटवून देणे, सगळे त्या खोलीतून. आणि तिथून पैसा उलट दिशेलाही वाहायचा. कोकणातल्या कितीतरी गावांच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पाणंदीचा रस्ता, विहीर यांची कोनशिला वाचा. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ ही अक्षरे हमखास सापडतील. मग त्या गावाचा इतिहास कुठे लिहिला गेला? गावच्या चावडीत, की परळ-भोईवाड्याच्या एका खोलीत ट्रंकेवर ठेवलेल्या वहीत? त्या गावाचा इतिहास भोईवाडा वगळून लिहिता येणार नाही, आणि भोईवाड्याचा इतिहास ते गाव वगळून. आपण ग्रामीण आणि शहरी असे जे दोन कप्पे केले आहेत, त्यांच्या मधली भिंत या खोलीत शिरताच पडते. म्हणून मी म्हणतो की भोईवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्याला लांज्याची, संगमेश्वरची, पाटणची वाट धरावीच लागेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: हे तर सगळ्या गिरणगावाचे वर्णन झाले. लालबाग काय, वरळी काय, भोईवाडा काय, चित्र तेच. वेगळा इतिहास हवा कशाला? आक्षेप रास्त आहे. पण जवळून पाहिले की चित्र तेच राहत नाही. भोईवाड्याच्या हाकेच्या अंतरावर गिरण्या होत्या तशी महापालिकेचे मोठे इस्पितळ होते, वाडियांची दोन इस्पितळे होती, प्रयोगशाळा होती, जनावरांचा दवाखाना होता. म्हणजे एकाच जिन्यावर गिरणीतला जॉबर, इस्पितळातला वॉर्डबॉय, दाई आणि रेल्वेच्या कारखान्यातला फिटर अशी घरे असणार. आता १८ जानेवारी १९८२ आठवा. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. शहराचा इतिहास सांगतो की गिरणगाव उद्ध्वस्त झाले. ते खरे आहे. पण ज्या घरात नवरा गिरणीत आणि बायको इस्पितळात होती, त्या घराचे काय झाले? जिथे दोघेही गिरणीवर अवलंबून होते, त्या शेजारच्या घराचे काय झाले? दुसऱ्या घराने पहिल्याकडून धान्य उसने घेतले का? आणि एक गोष्ट तर केवळ भोईवाड्यातच विचारता येईल. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ज्या संघाला कामगारांचा मान्यताप्राप्त प्रतिनिधी ठरवले होते, आणि ज्याच्या त्या हक्काविरुद्ध हा संप होता, त्या संघाची मजदूर मंझिल याच वस्तीत. संघाचे कार्यकर्ते आणि संपावरचे कामगार एकाच नळावर पाणी भरत होते. ते एकमेकांशी बोलत होते की नव्हते? गणपतीची वर्गणी एकत्र निघाली की वेगळी? संपाचा इतिहास तारखांनी आणि मागण्यांनी लिहून झाला आहे. तो जिन्याजिन्याने लिहायचा राहिला आहे, आणि जिन्यांचा इतिहास वस्तीगणिक बदलतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. स्थानिक इतिहास म्हणजे आत्मस्तुती, असे अनेक विद्वानांचे मत आहे. आमचा भाग, आमचे थोर पुरुष, आमचा राजा. आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे मूळचे कोण आणि उपरे कोण याची मोजदाद. हा धोका खरा आहे. अमेरिकेचे उदाहरण यासाठी बघण्यासारखे आहे. १८७६ साली त्या देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे होत होती. त्यांच्या काँग्रेसने मार्च महिन्यात ठराव करून सुचवले की प्रत्येक काउंटीने आणि गावाने ४ जुलैला जमून आपला इतिहास वाचावा, आणि त्याची एक प्रत स्थानिक कचेरीत व एक काँग्रेसच्या ग्रंथालयात जमा करावी. कल्पना करा, पंचायतीपासून संसदेपर्यंत लहान गावांचे इतिहास मागवले गेले! शेतीवाडीच्या, चार दुकाने आणि एक चर्च असलेल्या खेड्यांनीही आपापली टिपणे लिहिली. एवढ्या लहान वस्त्यांची नोंद असलेले देश जगात थोडे. पण त्या काळच्या तशा लेखनातला दोषही उघड आहे. पुष्कळ ठिकाणी इतिहास सुरू होतो तो पहिला गोरा वसाहतवाला आला त्या दिवसापासून. त्या जमिनीवर आधी राहणारे मूळ रहिवासी एक तर प्रस्तावनेत संपतात किंवा शत्रू म्हणून येतात. त्यांनी एक संस्थापक शोधला, आणि संस्थापक ठरला की बाकीचे आपोआप पाहुणे ठरतात.

यातून आपण काय घ्यावे? स्थानिक इतिहास लिहूच नये, असे मला वाटत नाही. लिहिला नाही तर ती जागा पोकळ राहत नाही. ती फलक, भाषणे आणि दंतकथा भरून काढतात, आणि मूळचे-उपरे हा वाद सर्वांत जोमाने तिथेच वाढतो. प्रामाणिकपणे लिहिलेला भोईवाड्याचा इतिहास या वादाला जागाच ठेवत नाही. इथे संस्थापक कोण? सहाव्या शतकात ती शिळा घडवू पाहणारा? पाद्री? भोई? रत्नागिरीचा गिरणी कामगार? प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आलेला भाडेकरू? १९२० नंतरच्या बी.डी.डी. चाळीत आलेला? गिरणीत उत्तरेकडून आलेला विणकर? बी.आय.टी. चाळीच्या दोन खोल्यांत राहून जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवणारा आणि तरीही गिरणीच्या विणाई खात्यात ज्यांना शिरू दिले जात नव्हते अशा समाजाचा नेता? जातीचा प्रश्न या इतिहासातून वगळून चालणार नाही. कोणत्या चाळीत कोणाला खोली मिळत होती, नळ कोणाचा, खाणावळीत पंगत कोणाची, हे लिहिले पाहिजे, आणि लिहिताना आपल्याच आजोबांकडून झालेला अन्यायही लिहिला पाहिजे. जो स्थानिक इतिहास एवढे धाडस करणार नाही, त्याच्यावरचा विद्वानांचा आक्षेप मी मान्य करीन.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. राजाचे दफ्तर असते, सरकारचे असते, कंपनीचे असते. वस्तीचे दफ्तर कुठे? माझे उत्तर: तुमच्या घरी. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली. तिथली एक भाडेपावती काढा. जुन्या चाळीची साधी छापील पावती. वर चाळीचे नाव, घरमालकाचे किंवा ट्रस्टचे नाव. खाली खोली क्रमांक, भाडेकरूचे नाव, महिना, भाड्याची रक्कम, रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्याच्यावरून गेलेली भय्याजींची किंवा मेहताजींची सही. आता ती इतिहासकाराच्या नजरेने वाचा. भाडे भरणारा नातू आहे, पण पावती अजून आजोबांच्या नावाने आहे. म्हणजे नाव बदलण्याचा खर्च किंवा भीती तीन पिढ्या पुरली. पाच पावत्या ओळीने लावा. भाडे कधी वाढले, कधी गोठले, यावरून भाडेनियंत्रणाचा इतिहास घरबसल्या दिसतो. एका मजल्यावरच्या सर्व पावत्या एकत्र केल्या तर कोणती खोली कोणाकडून कोणाकडे, कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे, कोणत्या जातीकडून कोणत्या जातीकडे गेली याचा आलेख तयार होतो. असा आलेख कोणत्याही सरकारी अभिलेखागारात मिळणार नाही. यात महापालिकेच्या शाळेचे जनरल रजिस्टर मिळवा. त्यात जन्मगाव असते, बापाचा धंदा असतो. मंडळाची इतिवृत्ते आणि गणेशोत्सवाच्या स्मरणिका मिळवा; कोणत्या वर्षी कोणत्या दुकानाने जाहिरात दिली यावरून रस्त्यावरचा बाजार उभा करता येतो. पुरावा नाही असे म्हणणाऱ्याने आधी हे पाहिले आहे का, असे मी नम्रपणे विचारीन.

आणि हे कागद केवळ अभ्यासाच्या कामाचे आहेत, असे समजू नका. गिरण्यांच्या जमिनींवर बंद गिरण्यांतल्या कामगारांना घरे द्यायचे ठरले, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा पुरावा मागितला गेला. लाल पास, तिकीट नंबर, ई.एस.आय. कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, सर्व्हिस सर्टिफिकेट. २०१२ साली म्हाडाची मोठी सोडत निघाली तेव्हा गिरण्या बंद होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. ज्या घरातल्या बाईने नवऱ्याच्या मागे तो लाल पास जपून ठेवला होता, ती रांगेत उभी राहू शकली. ज्या घरात दिवाळीच्या साफसफाईत तो गेला, त्या घराने आयुष्यभराचे काम सिद्ध करण्यासाठी उंबरठे झिजवले. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात आज तेच चालू आहे. पात्रता म्हणजे शेवटी भाडेपावती. राज्यसंस्था गरिबाकडे त्याचा इतिहास मागते, आणि तो कागदावर मागते. मग त्या इतिहासाला आपणच किरकोळ का म्हणायचे?

चौथा आक्षेप आठवणींबद्दलचा. म्हातारी माणसे चुकीचे सांगतात, साल विसरतात, स्वतःला मोठे करतात. हो, करतात. म्हणून तर कागद आणि आठवण एकमेकांसमोर ठेवून तपासायची. पण आठवणीशिवाय चालणार नाही याचे एक मोठे कारण आहे, आणि ते कारण म्हणजे बायका. भाडेपावतीवर बाईचे नाव क्वचित येते. गिरणीच्या हजेरीपटावर एकेकाळी पुष्कळ बायका होत्या. पुढे त्या कमी होत गेल्या. ज्या खाणावळवाल्या बायकांनी पंधरा-वीस कामगारांना दोन वेळा जेवू घातले, त्यांच्या व्यवसायाची नोंद कोणत्या दप्तरात आहे? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्या बायकांची नावे प्रथमच कागदावर आली. त्याआधीच्या दोन पिढ्या केवळ आठवणीत आहेत. स्वेन लिंडक्विस्ट या स्वीडिश लेखकाने १९७८ साली लिहिलेल्या पुस्तकात कामगारांना सांगितले की तुम्ही उभे आहात तिथेच खणा. आपल्या कामाचे तज्ज्ञ तुम्ही आहात, कंपनीने लिहिलेल्या इतिहासावर विसंबू नका. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांचे आवाज नोंदवून ग्रंथ केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मराठीतही ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ म्हणून तो आहे. त्या ग्रंथाने वाट दाखवली आहे. आता प्रत्येक वस्तीने आपापल्या शंभर माणसांकडे जायचे आहे.

जायचे आहे, आणि लवकर जायचे आहे. नायगावच्या बी.डी.डी. चाळींकडे पाहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशे सात चाळी, एकेक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. त्यांतल्या नायगावच्या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ ला झाले. एकशेसाठच्या जागी पाचशे चौरस फुटांचे घर मिळणार आहे. या गोष्टीचा मला मनापासून आनंद आहे. सार्वजनिक संडासाच्या रांगेत आणि जिन्याखालच्या ओलीत चार पिढ्या काढलेल्या माणसांना चाळीच्या गोडव्याचे उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि इतिहासाच्या नावाने जुनी इमारत राखा असे मी मुळीच म्हणणार नाही. इमारत जाऊ द्या. पण संक्रमण शिबिरात जाताना सामान कमी करावे लागते, आणि सर्वांत आधी टाकले जातात ते जुने कागद. मंडळाची खोली रिकामी होते, वह्यांचे गाठोडे रद्दीवाल्याकडे जाते. तीस मजली इमारतीत शेजारी बदलतात, आणि कोण कोणाच्या मागे कसे आले हे सांगणारे माणूसच उरत नाही. ही हानी पैशांनी भरून येत नाही. तिचे व्यावहारिक मोलही असते. वर्षानुवर्षे पावसाळ्यात इथल्या हिंदमाता परिसरात पाणी भरत आले आहे. ती जमीन बशीसारखी खोलगट आहे, हे जुन्या रहिवाशांना ठाऊक असते. कोणत्या गल्लीत पाणी आधी चढते आणि कुठून उतरते, हेही ठाऊक असते. अलीकडे परळच्या झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायला टाक्या बांधाव्या लागल्या. पाण्याला जमिनीची जुनी ठेवण विसरता येत नाही. आपण ती विसरलो तर दुरुस्तीचा खर्च पुढच्या पिढीकडे जातो.

शेवटी एक प्रश्न उरतो: जमवलेले ठेवायचे कुठे? विद्यापीठाकडे द्यावे, संग्रहालयाकडे द्यावे, असे काही जण सुचवतात. प्रती जरूर द्याव्यात. मूळ कागद मात्र वस्तीतच राहावेत, असे मला वाटते. बारादेवीच्या शिळेच्या बाबतीत या भागाने हा निर्णय एकदा घेतलेला आहे आणि तो तडीस नेलेला आहे. मूळ इथे, प्रतिकृती तिथे. जे साडेतीन मीटरच्या दगडाला जमले ते चार कपाटांना जमायला हरकत नाही. आज या सभागृहात ज्यांच्या इमारतींची बोलणी चालू आहेत असे पुष्कळ जण बसले असतील. करारनाम्याच्या मसुद्यात तुम्ही सोसायटीचे कार्यालय मागता, व्यायामशाळा मागता, मंदिराची जागा मागता, पार्किंगवरून तर तासन्‌तास वाद घालता. त्याच यादीत कागदांसाठी एक कोरडी खोली लिहा: तळमजल्यावर नको, तिथे पाणी शिरते, पहिल्या मजल्याच्या वर, खिडकी असलेली, सोसायटीच्या मालकीची. ही मागणी विकासकाला फारशी महाग पडणार नाही, पण सह्या झाल्यानंतर ती कोणी ऐकूनही घेणार नाही. म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ती घाला, आणि सभेला येताना प्रत्येक घराने आपल्याकडची सर्वांत जुनी भाडेपावती बरोबर आणावी, अशी सूचना नोटिशीत छापा.